खिशातला वाटाड्या

१८०३ सालच्या सप्टेंबर महिन्याची तेवीस तारीख. आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहणाऱ्या केळणा नदीच्या दक्षिण तीरावर ईस्ट इंडिया कंपनीचा एक सेनापती घोड्यावर बसून पलीकडचा मुलूख न्याहाळत होता. पलीकडे, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा विस्तीर्ण तळ पडला होता. तळ अजून बराच पुढे, भोकरदनच्या बाजूस आहे अशी खबर घेऊन निघालेल्या आर्थर वेलस्लीला तो अनपेक्षितपणे समोरच दिसला. सोबतच्या स्थानिक वाटाड्यांना त्याने नदीच्या उताराविषयी विचारले. समोर दिसतो तेवढाच उतार, याखेरीज दुसरा नाही, असे उत्तर आले. समोरचा उतार म्हणजे थेट तोफांचे तोंड.

वेलस्लीने पूर्वेकडे नजर टाकली. नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन गावे त्याला दिसली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी नोंदली आहेत. पीपलगाव म्हणजे अर्थातच पिंपळगाव. माणसे नदीच्या दोन तीरांवर इतकी समोरासमोर वस्ती करून राहतात ती येण्याजाण्याची सोय असल्याखेरीज राहत नाहीत, असा तर्क त्याने केला. पाहणीसाठी अधिकारी धाडला. उतार होता. त्याच उताराने फौज पार झाली आणि असईची लढाई झाली. मराठ्यांच्या बाजूने तो पराभवाचा दिवस. त्यांचे गोलंदाज अखेरपर्यंत तोफांशी उभे राहिले, हे शत्रूनेही लिहून ठेवले आहे. पुढे वॉटर्लूचा विजेता ठरलेला हाच सेनापती आयुष्यभर असईला आपली सर्वांत चांगली लढाई मानीत असे.

ही लढाई शौर्याची, तोफांची, राजकारणाची म्हणून वाचली जाते. तिच्यात दिशाज्ञानाचाही एक धडा आहे, आणि तो एकेरी नाही. त्याच दिवशी कंपनीच्या उजव्या बाजूच्या तुकडीचा प्रमुख ऑरॉक याला असई गावापासून दूर, तोफांच्या टप्प्याबाहेरून जाण्याची आज्ञा होती. धुरात आणि गोंधळात त्याची दिशा चुकली. तुकडी सरळ गावावरच चालून गेली. तिच्या मागोमाग गेलेली ७४ वी पलटण जवळजवळ कापली गेली. कंपनीच्या बाजूची त्या दिवसाची हानी दीड हजारांहून अधिक होती आणि तिचा मोठा वाटा या एका चुकीच्या वळणाचा होता. एकाने वाटाड्याचे ऐकले नाही म्हणून साधले, दुसऱ्याने सांगितलेली वाट सोडली म्हणून बुडाले. तेव्हा ‘वाटाड्यावर विसंबावे की नाही’ हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही.

आजचा वाटाड्या प्रत्येकाच्या खिशात आहे. तो थकत नाही, बिदागी मागत नाही, रात्री दोन वाजताही तितक्याच गोड आवाजात ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ असे सांगतो. जालन्याच्या मोंढ्यातील अडत्यापासून लोखंडाच्या व्यापाऱ्यापर्यंत, बियाण्यांच्या विक्रेत्यापासून मोसंबीच्या खरेदीदारापर्यंत कोणीही आता नव्या गावी जाताना रस्ता विचारीत नाही. ‘लोकेशन पाठवा’ म्हणतो. मग या सोयीची किंमत कोण मोजतो, आणि ती कोणत्या खात्यात नावे पडते, हे पाहणे व्यापारी घराण्यांना तरी अप्रस्तुत वाटू नये.

काही वेळा ती किंमत फार मोठी असते. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईच्या दिशेने निघालेली एक गाडी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी फोनवरील नकाशाच्या सांगण्याप्रमाणे चालली होती. नकाशाने दाखवलेला मार्ग एका पुलावरून जात होता आणि तो पूल त्या दिवसांत पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गाडीतील इतर माणसे कशीबशी बाहेर पडली, चालक बुडाला. (पुन्हा एक पिंपळगाव, हा केवळ योगायोग.) नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अपुऱ्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे दगावले, तेथेही फोन सरळ जाण्यास सांगत होता. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला एका महिलेची गाडी पुलावर न चढता पुलाखालच्या रस्त्याने खाडीत गेली. सुदैवाने सागरी सुरक्षेच्या पोलिसांनी तिला वाचवले.

या घटनांत सारा दोष नकाशाचा नाही. बंद पुलावर अडसर आणि फलक लावणे हे ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले असते तर नकाशा चुकूनही माणसे वाचली असती. परंतु अकोल्याच्या त्या पुलाची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्या भागात राहणाऱ्या माणसाला तो पूल वर्षाचे काही महिने पाण्याखाली असतो हे ठाऊक असते. नकाशाला पूल ठाऊक असतो, पुलाचे महिने ठाऊक नसतात. जालना जिल्ह्यातील खेड्यांत फिरणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. येथील जमीन काळी. वैशाखात मोटार सहज जाईल अशी पांदण श्रावणात बैलगाडीलाही दाद देत नाही. ओढ्यावरील फरशी पूल एका सरीने बुडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निर्दोष असल्यासारखा उघडा पडतो. नकाशावर दोन्ही दिवशी रेघ एकच.

पूर्वीच्या पिढीतील व्यापारी हे ज्ञान कोठून मिळवीत असत? आठवडे बाजाराच्या फेऱ्यांतून. बैलगाडीने, सायकलीने, पुढे एसटीने एका बाजाराहून दुसऱ्या बाजारास जाताना, सुगीनंतर उधारी वसुलीस निघताना, वाट तोंडपाठ होत असे. ती केवळ वाट नसे. कोणत्या वळणावर कोणाची विहीर, ती चैत्रात आटते की टिकते, कोणाच्या शेतात यंदा कापूस कसा उभा आहे, कोणाच्या दारात नवी बैलजोडी आली, कोणाच्या भिंतीचा पोपडा तीन वर्षे तसाच लोंबतो आहे, हे सारे त्या वाटेवरच दिसत असे. पत म्हणजे काय हे पुस्तकात शिकवतात. पत ओळखण्याची विद्या मात्र पायांना येत असे. कर्जाच्या अर्जासोबत आज जो अहवाल जोडला जातो, त्यातील निम्मी माहिती जुना मुनीम गावच्या वेशीपासून दुकानापर्यंत चालत येता येता मनात नोंदवून घेई. आजचा विक्रेता त्याच गावी गाडीने जातो, निळ्या रेषेवर डोळा ठेवून दुकानासमोर उतरतो, काम आटोपतो आणि त्याच रेषेवरून परततो. वसुलीही होते, वेळही वाचतो. त्याला कोणी विचारले की वाटेत कोणती गावे लागली, तर सांगता येत नाही.

गावांच्या नावांचीच गोष्ट घ्यावी. महाराष्ट्रात पिंपळगावे, वडगावे, टाकळ्या किती याची गणती नको. एकट्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे आणि पिंपळगाव कोलतेही आहे. पूर्वजांनी हा घोळ आपल्या पद्धतीने सोडवला होता. शेजारच्या मोठ्या गावाला बुद्रुक, धाकट्याला खुर्द. नाहीतर देवतेचे, पाटलाच्या आडनावाचे किंवा नदीचे शेपूट. त्या शेपटात दिशेची खूण असे. आता फोनवर ‘पिंपळगाव’ एवढेच लिहून निघालेल्या मालमोटारी भलत्याच तालुक्यात पोचल्याच्या कथा वाहतूकदारांच्या कचेऱ्यांत हसत हसत सांगितल्या जातात. मोसंबी भरलेली गाडी असेल तर ते हसणे लवकर थांबते. ई-वे बिलाची संगणक प्रणाली दोन पिनकोडांवरून अंतर आपोआप काढून देते, ही सोय चांगलीच. परंतु तो आकडा पटण्यासारखा आहे की नाही, हे पाहणारा एक माणूस दुकानात असावा लागतो.

दिशाज्ञान क्षीण होते हा केवळ वृद्धांचा गतकाळाविषयीचा उमाळा आहे काय? गेल्या पाव शतकात शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा बराच पाठपुरावा केला आहे. मेंदूच्या आत, कानशिलांच्या पातळीवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो. स्मरण आणि स्थळज्ञान यांचे ते एक प्रमुख ठाणे. प्राणी विशिष्ट जागी आला की तेथील विशिष्ट पेशी जागी होते, असे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. पुढे २००५ मध्ये नॉर्वेतील मोझर दांपत्याला शेजारच्याच भागात जणू आलेखाच्या कागदासारखे चौकटी आखणाऱ्या पेशी सापडल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे नकाशा प्रत्येकाच्या डोक्यात जन्मतःच बसवलेला असतो. तो भरायचा की कोरा ठेवायचा, हे वापरावर.

लंडनच्या टॅक्सीचालकांना परवाना मिळवण्यासाठी शहराच्या मध्यापासून सुमारे दहा किलोमीटरच्या परिघातील जवळपास २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्याला तीन-चार वर्षे लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली या चालकांच्या मेंदूंची चित्रे घेतली. हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. ज्यांचा तो भाग मुळातच मोठा, तेच या धंद्यात येत असतील, अशी शंका कोणीही घेईल. म्हणून त्यांनी नव्या उमेदवारांना आरंभापासून पाहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७९ उमेदवारांपैकी ३९ परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि वाढ दिसली ती उत्तीर्ण झालेल्यांतच. व्यायामाने दंड भरावेत, तसे पाठांतराने हे झाले होते.

याची उलट बाजू २०१७ च्या एका प्रयोगात दिसली. लंडनच्या सोहो भागातील रस्त्यांवरून २४ जणांना पडद्यावर फिरवण्यात आले. स्वतः वाट काढताना प्रत्येक चौकात, विशेषतः जेथे अनेक फाटे फुटतात तेथे, हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचा विचार करणारा भाग हे दोन्ही सजग होत. यंत्राच्या सूचनेने चालताना ते शांत राहत. फाटा आला काय आणि न आला काय, त्यांना सारखेच. कॅनडातील डहमानी आणि बोबो यांनी २०२० मध्ये ५० नेहमीच्या वाहनचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १३ जणांची तीन वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली. मधल्या काळात ज्यांनी यंत्राचा जितका अधिक वापर केला, त्यांचे स्थळस्मरण तितके अधिक घसरले होते. मुळात दिशा न कळणारेच यंत्राकडे वळतात, असे मात्र त्यांना आढळले नाही. तेरा माणसे म्हणजे फारच लहान नमुना. एवढ्याशा ताळेबंदावर कोणी मोठे कर्ज मंजूर करणार नाही. तरी अनेक ठिकाणचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले की दुर्लक्षही करता येत नाही.

बालपणाचा यात वाटा असतो, असेही दिसते. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी मोबाईलवर खेळण्याचा एक सागरी खेळ तयार करण्यात आला होता. ३८ देशांतील सुमारे चार लाख खेळाडूंच्या माहितीवरून २०२२ मध्ये असा निष्कर्ष निघाला की शहराबाहेर वाढलेली माणसे वाट शोधण्यात सामान्यतः सरस असतात. काटकोनात आखलेल्या शहरांत वाढलेल्यांना वाकड्या गल्ल्यांत अडचण येते. जालन्याच्या जुन्या भागातील बोळ ज्यांनी बालपणी पालथे घातले, त्यांना हे वाचून थोडे हसू येईल. वाराणसीच्या परिसरातील मुलांचा अभ्यास करणाऱ्या रमेशचंद्र मिश्र आणि पिअर दासेन यांनी वेगळीच गोष्ट टिपली. तेथील मुले डावे-उजवे म्हणण्याऐवजी पूर्व-पश्चिम म्हणून घरातील वस्तूंचीही जागा सांगतात. मराठवाड्याच्या खेड्यांत हे नवे नाही. ‘उगवतीच्या अंगाला सरक’, ‘मावळतीकडचे दार लाव’ असे बोलणारी आजी ज्या घरात आहे, त्या घरातील नातवाला होकायंत्राची गरज सहसा पडत नाही. फोन मात्र उगवत-मावळत जाणत असूनही बोलत नाही. तो डावे-उजवेच सांगतो, आणि माणूस वळला की त्याचे डावे-उजवेही वळते.

चकवा लागल्याच्या गोष्टी या जिल्ह्यात कोणी ऐकल्या नाहीत? रात्री शिवारातून निघालेला धडधाकट माणूस पहाटे त्याच झाडाखाली सापडतो. भुताने फिरवले म्हणतात. जर्मनीतील यान सौमन यांनी २००९ मध्ये माणसांना घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालण्यास सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोपर्यंत ती सरळ चालली. ढग येताच गोल गोल फिरू लागली, आणि आपण सरळच चालत आहोत अशी त्यांची खात्री होती. चकव्यात भूत नव्हते, खूण नव्हती. निळ्या रेषेवरून चालणाऱ्यालाही खूण लागत नाही. फरक इतकाच की त्याला रेषा चुकू देत नाही, म्हणून खूण नसल्याचे कळतही नाही.

घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. अल्झायमर या व्याधीत हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतचा भाग आरंभीच बाधित होतो. म्हणूनच ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे हे तिचे एक आद्य लक्षण मानतात. नाव विसरणे, चष्मा विसरणे याकडे घरचे लोक हसून पाहतात. परंतु चाळीस वर्षे दुकानातून घरी आलेला माणूस एके संध्याकाळी भलत्याच गल्लीत वळला, तर काहीतरी बिनसले हे तत्काळ ध्यानात येते. आता जो गृहस्थ घरापासून मोंढ्यापर्यंतही फोन लावून गाडी चालवतो, त्याचे हे लक्षण कोणाला दिसणार? यंत्र त्याला बिनचूक घरी आणील, वर्षभर आणील, आणि वैद्याकडे जाण्याचा काळ तेवढ्यात निघून जाईल. या मुद्द्याची चर्चा जेवढी व्हावी तेवढी होत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने अमेरिकेतील सुमारे ९० लाख मृत्यूंच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास छापला. ४४३ व्यवसायांत टॅक्सीचालक आणि रुग्णवाहिकाचालक यांच्यात अल्झायमरने मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वांत कमी, एक टक्क्याच्या आसपास. सर्वसाधारण प्रमाण सुमारे १.७ टक्के. ठराविक मार्गाने जाणारे बसचालक आणि वैमानिक यांच्यात मात्र तसे दिसले नाही. यावरून रोज नवी वाट काढल्याने व्याधी टळते असे सिद्ध होत नाही, हे अभ्यासकांनी स्वतःच म्हटले आहे. तरी बसचालक आणि टॅक्सीचालक यांच्यातील तो फरक मनात रेंगाळतो.

जैन गृहस्थाला दिशांचा विचार नवा नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत सहावे व्रत दिशांचेच आहे. श्वेतांबर परंपरेत ते दिशापरिमाण, दिगंबर परंपरेत दिग्व्रत, गुणव्रतांतील पहिले. चार दिशा, चार विदिशा, ऊर्ध्व आणि अधो अशा दहाही दिशांना आपण कोठवर जाऊ याची हद्द श्रावकाने स्वतः ठरवायची. हेतू उघड आहे: लोभाला आणि त्यासोबत येणाऱ्या हिंसेला कुंपण घालणे. ज्या समाजाचा चरितार्थच दूरदूरच्या पेठांवर चालतो, त्याच समाजाला हे व्रत सांगितले गेले, यात मोठा अर्थ आहे. ही हद्द कशी ठरवावी, याचेही मार्गदर्शन आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सागर, नदी, अरण्य, पर्वत, जनपद आणि योजने या मर्यादेच्या खुणा सांगितल्या आहेत. हद्द हवेत आखायची नाही. डोळ्यांना दिसेल अशा खुणेवर आखायची. नदी कोठे आहे हे ठाऊक नसणाऱ्याला नदीपर्यंतचे व्रत घेता येत नाही.

तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार आहेत. वर, खाली आणि आडव्या दिशांना हद्द ओलांडणे हे तीन. चौथा क्षेत्रवृद्धी: पूर्वेकडची हद्द आखडून पश्चिमेकडची वाढवणे. कोणत्याही हिशेबनिसाला हा प्रकार परिचित आहे. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यात वळती करून बेरीज तीच दाखवण्याची ही युक्ती. पाचवा अतिचार स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेली हद्द विसरणे. ओलांडली नाही तरी विसरली, हाही दोषच. दिशेचे विस्मरण हा इतका क्षुल्लक प्रमाद असता, तर आचार्यांनी तो स्वतंत्रपणे मोजला नसता. सहाव्या व्रताच्या पुढे देशावकाशिक आहे. त्यात हीच मर्यादा एका दिवसापुरती गावापर्यंत, गल्लीपर्यंत, घरापर्यंत आखडती घेतात. सामायिकाला बसताना पूर्वेकडे, उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे मुख करतात. परगावच्या लग्नघरात उतरलेली आजी आसन टाकण्यापूर्वी खिडकीशी जाऊन सूर्य कोठे आहे हे पाहते. तिची नात फोनमधील होकायंत्र काढते. दोघींचे तोंड अखेर एकाच दिशेला होते. तरी आजीला दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे लागत नाही.

साधुसाध्वींचा विहार हे दिशाज्ञानाचे सर्वांत जिवंत उदाहरण. चातुर्मासाचे चार महिने सोडले तर उरलेले आठ महिने पायी भ्रमण, वाहन नाही. गुरू गणेश धामामुळे जालन्याला अशा विहाराची ये-जा परिचित आहे. सूर्योदयानंतर निघायचे, उन्हाआधी पुढच्या मुक्कामी पोचायचे. मुक्काम म्हणजे स्थानक, नाहीतर शाळा, नाहीतर कोणाचा वाडा. तेथे गोचरीची सोय आहे का, रस्त्याला कडेची पायवाट आहे का, अवजड वाहने किती, हे सारे आधी पाहावे लागते. हे काम आता तरुण सेवक फोनवर करतात आणि त्यामुळे विहार पुष्कळ सुकर झाला आहे, यात शंका नाही. मात्र पायी चालणाऱ्यासाठी फोन जो सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो, तो अनेकदा भरधाव महामार्गाच्या कडेने जातो. त्याला समांतर असलेली जुनी गाडीवाट, जिला कडुनिंबाची सावली आहे आणि ट्रक नाहीत, ती गावातील एखाद्या शेतकऱ्यालाच ठाऊक असते. जाणते सेवक फोनही पाहतात आणि शेतकऱ्यालाही विचारतात. कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांच्या कार्तिकी यात्रेला जे पायी जातात त्यांनाही ही वाट-विचारणी ठाऊक आहे.

येथे दुसरी बाजू मांडणे न्यायाचे होईल. पावकी, निमकी, दीडकी या जुन्या पिढीच्या जिभेवर होत्या; आज त्या कोणाला येत नाहीत आणि त्यावाचून कोणाची दुकाने बंद पडली नाहीत. कीर्द-खतावणी संगणकाने लिहिली म्हणून नफा घटला नाही. मग वाट यंत्राने दाखवली तर काय बिघडले? शिवाय या यंत्राने कित्येकांना पाय दिले. एकटीने गाडी घेऊन परगावी जाणारी सून, रात्री अनोळखी शहरात रुग्णालय शोधणारा मुलगा, मुंबईच्या गर्दीत पहिल्यांदाच गेलेला चालक, यांना त्याचे मोल विचारावे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला आणि तो जालना जिल्ह्यातून गेल्यावर तर सर्वांच्याच वाटा बदलल्या. जुन्या माणसांचे पाठ असलेले रस्तेही त्यामुळे जुने झाले. हे सारे खरे. परंतु गणकयंत्र वापरणाऱ्या व्यापाऱ्यालाही उत्तर ढोबळमानाने किती यावे याचा अंदाज असतो. आकडा दहापट आला तर तो थबकतो. अकोल्याच्या पुलावर नेमका तो थबकणारा माणूस हवा होता.

भूमापनाचा इतिहासही हेच सांगतो. भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये, म्हणजे असईच्या आदल्याच वर्षी, मद्रासजवळ आरंभले. आजच्या नकाशांची ती पूर्वपीठिका. हा लॅम्बटन १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत होता. रात्री कूच करीत असलेली एक तुकडी उत्तरेऐवजी दक्षिणेकडे, थेट शत्रूच्या बाजूस चालली आहे, हे त्याने ताऱ्यांवरून ओळखले आणि सेनापतीला सांगितले. त्याच मोहिमेत स्वतः वेलस्ली सुलतानपेठच्या राईत काळोखात वाट चुकून नामुष्कीने परतला होता. चार वर्षांनंतर केळणेच्या काठी दोन गावांकडे इतक्या बारकाईने पाहणारा माणूस हाच. लॅम्बटन १८२३ मध्ये, काम चालू असतानाच, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. ज्याने देशाला नकाशा दिला, त्याने आकाशाकडे पाहण्याची सवय सोडली नव्हती.

काही घरांतून आता लहानसहान प्रयोग सुरू झाले आहेत. निघण्यापूर्वी सारा मार्ग एकदा पडद्यावर पाहून घ्यायचा: कोणते तालुके, कोणत्या नद्या, कोणते घाट. नकाशा गाडीबरोबर गरगर फिरू न देता उत्तर कायम वर राहील अशी योजना करायची. फोनमध्ये त्याची सोय असते. जाताना यंत्राचा आवाज चालू, येताना बंद. मागे बसलेल्या मुलांनी वळणे सांगायची आणि चुकली तरी कोणी रागवायचे नाही. दिवाळीत भोकरदनहून जालन्यास परतताना एखादे मूल केळणेच्या पुलावर आल्यावर नदी कोणत्या बाजूला वाहते आहे असे विचारते, आणि गाडी चालवणाऱ्या वडिलांना चटकन उत्तर देता येत नाही. पूल ओलांडून झालेला असतो. तेव्हा गाडी कडेला लावून सर्वजण खाली उतरतात, पाण्याकडे पाहतात, मावळतीकडे पाहतात, आणि मग ठरवतात.